शेवटच्या डब्यातले गार्डसाहेब

गार्डसाहेब कधी पुढे बसत नसत. जागा त्यांनी उभी केलेली, कार्यक्रम त्यांचा, पण ते बसायचे सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, दाराच्या डाव्या बाजूला. कोणी पाहुणा हाताला धरून पुढे न्यायला लागला की हात सोडवून घ्यायचे आणि म्हणायचे, "गार्ड शेवटच्या डब्यात असतो हो. तो पुढे जाऊन बसला, तर मागे कोण राहिलं ते कोणी बघायचं?"

दाराच्या उजव्या बाजूला मी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून ती जागा मला बरी होती. त्यामुळे इतकी वर्षं त्यांना मी बाजूनेच पाहिलं. एक कान मालगाडीच्या डब्यात बसून बसून गेलेला, म्हणून चांगला कान गाण्याकडे वळवून मान तिरकी ठेवायचे. कानात पांढरे केस. खिशात दोरीला बांधलेली शिट्टी. उभे राहिले की पाय फाकवून उभे राहायचे, जशी काही खालची जमीन हलते आहे. चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी संपेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत.

लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा पोल्ट्री बंद पडली होती. कोंबड्यांत रोग आला, मालकाने सगळं आवरलं, आणि मी जिथे अंडी गोळा करायचे ती लांबच लांब शेड मोकळी पडली. गार्डसाहेब नुकतेच रेल्वेतून निवृत्त झालेले, लोणावळ्यात राहणारे, घरी एकटे. शेडच्या मधोमध उभे राहून त्यांनी टाळी वाजवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. पुन्हा वाजवली. मी झाडत होते, मला वाटलं हा माणूस जरा वेडा आहे. माझे सासरे दारात बसले होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, आम्ही घरातही आबाच म्हणतो.

"बाई, इथे आवाज फार व्हायचा का?" त्यांनी मला विचारलं. मी खाली बघितलं.

आबा म्हणाले, "कुनाचा? कोंबड्यांचा का मालकाचा?"

गार्डसाहेब इतके हसले की त्यांना खोकला आला. "कोंबड्यांना चाललं असेल तर माणसांनाही चालेल," म्हणाले. तिथून सुरुवात झाली.

त्यांना गाण्याची जागा करायची होती. लोणावळ्यात हॉटेलांत गाणी असतात, पण पाहुणे मागतील ती. मुंबई आणि पुण्यात मोठे हॉल असतात, पण तिथे नाव झालेल्यांना बोलावतात. जे यातल्या कशातच बसत नाहीत, ज्यांचं गाणं ऐकून लोक उठून जातात, त्यांच्यासाठी त्यांना जागा हवी होती. "मधोमध आहे हे," म्हणायचे. "दोन्हीकडून हाकललेल्यांना सोयीचं." गाडीतल्या डब्यात एकट्याने चाकांचा आवाज ऐकत त्यांचा जन्म गेला होता. आता त्यांना चार माणसांबरोबर बसून ऐकायचं होतं.

शेडमध्ये अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे ढीग होते. ते भिंतींना चिकटवले की आवाज घुमत नाही, असं त्यांनी सांगितलं. आम्ही बायकांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि सगळ्या भिंती ट्रेने मढवल्या. आठवडाभरात उंदरांनी अर्धी भिंत खाल्ली. पीठ कशाला घातलं म्हणून ते रागावतील असं वाटलं. ते पोखरलेल्या भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पहिले श्रोते आले म्हणायचे." मग आबांनी खळीत मोरचूद घालायला सांगितलं आणि भिंती टिकल्या.

मागच्या भिंतीवर त्यांनी एक पाटी टांगली. पिवळी, तिच्यावर दोन काळी इंग्रजी अक्षरं. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला मागे अशी पाटी असते. ती दिसली की स्टेशनवाल्याला कळतं की गाडी पुरी आली, मधे कुठे डबा सुटला नाही. त्या पाटीवरून जागेचं नाव पडलं शेवटचा डबा. नंतर सगळे नुसतं डबा म्हणायचे.

कार्यक्रम रविवारी दुपारी व्हायचे. शेजारची पोल्ट्री चालू होती आणि अंधार पडायच्या आत कोंबड्या गप्प बसतात, त्याच्या आधी आम्हीही गप्प बसायचं, असं ठरलं होतं. लोकल पकडून पोरं यायची, पाठीवर वाद्यांच्या पेट्या, कानात बाळ्या, कोणाचे केस निळे. मी आणि माझी जाऊ पिठलं-भाकरी करायचो. सगळे खाली सतरंजीवर बसायचे. वाजवणाऱ्यासाठी मात्र उंच लाकडी फळ्यांचा मंच होता. फर्माईश करायची नाही, मधे उठायचं नाही, वाजवणाऱ्याने वाद्य खाली ठेवल्याशिवाय टाळी नाही, हे साहेबांचे नियम.

गावातली माणसंही यायची, आधी गंमत बघायला, मग सवयीने. एकदा एक गृहस्थ समोर वाद्य ठेवून कितीतरी वेळ नुसताच बसला. शेवटी आबा हळूच म्हणाले, "लाईट गेलीया का त्याची?" सगळी शेड हसली. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, पण त्यांचे खांदे हलत होते, मला बाजूने दिसलं.

आणखी एकदा गावाबाहेरच्या बंगल्यातले पाहुणे आले. त्यांच्यातल्या एकाचा वाढदिवस होता. त्याने मधेच उठून सिनेमातलं गाणं मागितलं. साहेबांनी पिशवीतून लाल झेंडी काढली आणि सरळ धरली. सगळं थांबलं. "ही गाडी त्या स्टेशनला थांबत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला उतरायचं असेल तर उतरून घ्या." पाहुणे उतरले. आम्हाला तेव्हा फार अभिमान वाटला.

कार्यक्रम संपला की ते बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. सगळे शेडमधून बाहेर पडले की तिथूनच हाक मारायचे, "सुनंदाबाई, गाडी पुरी?"

मी आत फिरून बघायचे. कोणी झोपलेलं नाही, कोणाचं काही विसरलेलं नाही. मग म्हणायचे, "पुरी."

"ऐकू येत नाही!"

"पुरी!"

चार लोकांच्या देखत मी मोठ्याने बोलत असलेला तो एवढाच शब्द. पहिल्यांदा माझे कान लाल झाले होते. पुढे पुढे मी त्याची वाट बघायचे.

एकदाच मी "न्हाई" म्हणाले. मुंबईची एक मुलगी आली होती, डोकं भादरलेलं. ती गात नव्हती, ओरडत होती, घसा फाटेस्तोवर. बायकांनी पदर तोंडाला लावले. आबा सगळं ऐकून म्हणाले, "या पोरीला कुनीतरी लय तरास दिलाय." सगळे गेल्यावर मी बघते तर ती उरलेल्या ट्रेच्या ढिगामागे गुडघ्यात डोकं घालून बसलेली. बाहेरून हाक आली आणि मी म्हणाले, "न्हाई, साहेब." ते परत आत आले. तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिची गाडी चुकली तरी उठले नाहीत. मग आबांचं बोलणं त्यांनी तिला सांगितलं. ती रडता रडता हसली, म्हणाली, "आजोबांना कसं कळलं?" त्या दिवशी ती आमच्या घरी जेवली.

न्हाई म्हटलं की ते परत येतात, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं.

कुठलाही कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आमच्याकडचं कोणीतरी पहिलं गायचं किंवा वाजवायचं. भजनातला मृदंगवाला, जात्यावरची गाणी म्हणणारी म्हातारी, आमची गायन पार्टी. बाहेरून आलेल्यांनी ते ऐकायचं आणि मगच मंचावर चढायचं. साहेब त्याला बँकर म्हणायचे. खंडाळ्याचा घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांचं ते नाव. "पुढचं इंजिन सगळ्यांना दिसतं," ते सांगायचे, "पण मागून रेटा नसेल तर गाडी घाट चढत नाही."

आता आबांचं सांगायला हवं.

आमचं घर बौद्ध. आबांचे वडील दीक्षेच्या आधी डफडं वाजवायचे. गावात लग्न असो, पाहुणा येवो, जत्रा असो, त्यांनी दारात उभं राहून वाजवायचं. ऊन असो, पाऊस असो, आत कोणी बोलवायचं नाही. जेवण शेवटी, बाहेरच. दीक्षा घेतली त्या वेळी त्यांनी डफडं माळ्यावर टाकलं आणि घरात सांगितलं की आपल्या घरातलं कोणी पुन्हा कुणाच्या दारात हे वाजवणार नाही. आबा तेव्हा लहान होते. पण संध्याकाळी वडील ओट्यावर बसले की त्यांची बोटं मांडीवर चालायची. आबा शेजारी बसून बघायचे. सगळे ठेके आबा वडिलांच्या मांडीवरून शिकले. कातड्यावर त्यांनी कधी काठी मारली नव्हती.

साहेब आमच्या घरी चहाला आले असताना त्यांना माळ्यावर ते दिसलं. आबांनी त्यांना हे सगळं सांगितलं. साहेब बशी संपेपर्यंत बोलले नाहीत, संपल्यावरही बोलले नाहीत. वाजवा असं तर त्यांनी कधीच म्हटलं नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मग एका रविवारी आबाच मला म्हणाले, "सुनंदे, ते वरचं काड."

साहेबांना ते म्हणाले, "साहेब, मी वाजवीन. पन हितं. वर फळीवर. आनि लोकं खाली बसल्याली पायजेत."

साहेबांनी आबांचे दोन्ही हात धरले. "आबा, माझा शब्द. ही पाटी जिथे असेल तिथे आतच वाजेल. दारात कधी नाही."

मी तिथे होते. माझ्यासमोर म्हणाले.

आबांनी शेडमागे फाटक्या ट्रेचा जाळ केला, त्यावर कातडं शेकलं. पांढरा सदरा घालून मंचावर उभे राहिले. पहिला ठेका चाचपडत वाजवला. मग बापाच्या मांडीवरचं सगळं त्यांच्या काठ्यांत उतरलं. निळ्या केसांची पोरं खाली मांडी घालून बसलेली, हलली नाहीत. आबांनी डफडं खाली ठेवलं तेव्हा टाळी झाली. घरी येताना वाटेत आबा एवढंच बोलले, "सगळ्यांनी बसून ऐकलं गं."

त्यानंतर वर्षातून एकदोनदा आबा बँकर व्हायचे. डब्याचं नाव लांब लांब गेलं. पेपरवाले आले, कॅमेरेवाले आले. साहेब प्रत्येकाला आबांपर्यंत घेऊन यायचे.

मग शेडच्या मालकाने जमीन विकली. तिथे बंगल्यांचे प्लॉट पडायचे होते. साहेब महिनाभर वणवण फिरले. त्या दिवसांत त्यांना शेडमध्ये एकटेच टाळी वाजवताना मी पाहिलं. पुढे भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने त्यांना आपल्या आवारात हॉल बांधून द्यायचं कबूल केलं. साहेब धावत आमच्याकडे आले. तरुण दिसत होते. "आबा, डबा जगला! उद्घाटनाला पहिला आवाज तुमचा, नेहमीसारखा."

आबांनी नवं धोतर आणलं. माझी नणंद नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात आहे, तिने रजा टाकली. नवऱ्याने जीप सांगितली. सगळं घर निघालं, लग्नाला निघाल्यासारखं.

रिसॉर्टच्या फाटकाशी कानाला माइक लावलेली एक मुलगी उभी होती. आबांच्या हातातलं डफडं बघून ती खूश झाली. "आलात का काका! फेटे तिकडे टेबलावर आहेत. गाड्या यायला लागल्या की चालू करायचं, आणि सगळे पाहुणे आत जाईपर्यंत थांबायचं नाही. ओके?"

आबा म्हणाले, "आमी आत वाजवनार हाय."

"आत प्रोग्रॅम आहे काका. तुम्ही वेलकम."

"साहेबान्ला बोलवा."

साहेब आले. अंगात कोट होता, त्यांना मी कधी कोटात पाहिलं नव्हतं. त्यांनी आबांकडे बघितलं, मग टेबलावरच्या फेट्यांकडे. त्यांना सगळं कळलं. ते मला समोरून दिसत होते, म्हणून सांगते, त्यांना कळलं. मला वाटलं आता लाल झेंडी निघेल.

"आबा," ते म्हणाले, "आतली वेळ यांनी आधीच बांधून टाकली आहे. मला काल रात्री कळलं. आजच्या दिवस जरा सांभाळून घ्या."

"साहेब, दारात?"

"दारात म्हणजे तसं नाही हो. स्वागत आहे. मानाचंच काम आहे."

आबा अगदी हळू म्हणाले, "आमच्या बापालाबी मानाचंच म्हनायचे."

मागून गाडीचा हॉर्न वाजला. रिसॉर्टवाल्याने आतून हाक मारली, "पेठेसाहेब!" त्यांचं आडनाव पेठे आहे, हे मला त्या दिवशी कळलं. भिंतीवर पितळी अक्षरांत लिहिलेलंही होतं, संस्थापक म्हणून.

ते म्हणाले, "आलोच हं आबा, पाच मिनिटांत," आणि गेले.

नणंद रडायला लागली. नवरा त्या मुलीशी भांडायला निघाला, त्याला आबांनी अडवलं. "तिला का बोलतो रं? तिला काय ठावं?" मग डफडं काखेत घेतलं आणि आतल्या दिव्यांकडे बघून म्हणाले, "घाट चढून झाला. लोणावळ्यात बँकर काढत्यातच."

जीप वळवत होते तेवढ्यात मी हॉलच्या काचेतून आत बघितलं. आमची पिवळी पाटी मंचाच्या बाजूला लावली होती, तिच्याभोवती झेंडूची माळ आणि शेजारी उभं राहून लोक फोटो काढत होते. साहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. मला त्यांची पाठ दिसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागे दाराशी कोणीच बसलेलं नव्हतं.

पाच मिनिटांनी ते फाटकाशी आले का, ते मला माहीत नाही. आम्ही थांबलो नाही.

नंतर ऐकलं की तिथे वाढदिवस होतात, फर्माईश चालते. निळ्या केसांची पोरं आता येत नाहीत म्हणे. दिवाळीच्या आधी साहेबांनी रिसॉर्टची गाडी आमच्याकडे पाठवली. लोककलेचा खास कार्यक्रम, आबांना मंचावर बसवू, असा निरोप होता. आबा समोर ओट्यावरच बसले होते. ड्रायव्हरच्या देखत मला म्हणाले, "आबा घरी न्हाईत म्हून सांग त्यांना." ड्रायव्हरने गाडी वळवली.

डफडं परत माळ्यावर गेलं. संध्याकाळी आबांची बोटं आता मांडीवर चालतात. माझा धाकटा शेजारी बसून बघतो.

मला राग रिसॉर्टवाल्याचा येत नाही. त्याने आम्हाला शब्द दिला नव्हता. ज्याने कधी काही दिलं नाही, त्याच्यावर काय रागवायचं? साहेबांनी दिलं होतं. त्यांनी आम्हाला आधी उंच फळीवर उभं केलं, आणि आबांचा बाप कुठे उभा राहायचा हे ठाऊक असून त्याच जागेवर नेऊन ठेवलं. न कळून केलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

गेल्या महिन्यात मी बाजाराला निघाले होते. रेल्वेचं फाटक बंद होतं. पलीकडच्या बाजूला साहेब उभे दिसले, वाळलेले, काठी टेकून, पाय तसेच फाकवून. मालगाडी आली. लांबच लांब, संपता संपेना. डब्यांच्या फटींतून ते मधेमधे दिसायचे. त्यांची मान गाडीच्या शेवटाकडे वळलेली होती. शेवटचा डबा गेला. त्याला गार्डच नव्हता, हल्ली काही गाड्यांना नसतो म्हणे, नुसता एक लाल दिवा लुकलुकत होता. तरी साहेबांनी हात वर केला आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

मग वळले आणि त्यांना मी दिसले. मधे दोन रूळ. फाटक अजून उघडलं नव्हतं. दोन्हीकडे मोटरसायकली, टेम्पो, माणसं. त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं, आणि सवयीनेच असेल, त्यांनी हाक मारली.

"सुनंदाबाई, गाडी पुरी?"

लोक माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"न्हाई," मी म्हणाले. त्यांनी चांगला कान पुढे केला. मी आणखी मोठ्याने म्हणाले, "न्हाई, साहेब."

त्यांचं हसू गेलं. फाटक उघडलं. दोन्हीकडून गाड्या एकदम आत घुसल्या, आमच्या मधून गेल्या. मी आहे तिथेच थांबले, बाजूला होऊन, गर्दी सरेपर्यंत.

सरली तेव्हा ते लोणावळ्याच्या बाजूला चालत निघाले होते. हळूहळू, काठी टेकत, पाय फाकवून, हलत्या डब्यातून चालल्यासारखे. मागे वळून त्यांनी बघितलं नाही.